तिसऱ्या मजल्याचा प्रसारण परवाना

स्टुटगार्टमधल्या मराठी माणसाला जर्मन कचेरीचं पत्र आलं, की तो ते तीनदा वाचायचा. एकदा घाबरण्यासाठी, एकदा डिक्शनरी घेऊन आणि एकदा सुखदेवदादांच्या सोफ्यावर बसून. अर्थ तिसऱ्या वाचनातच लागायचा. दादा चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे, पत्र हातभर लांब धरायचे आणि "आल्झो..." असं म्हणायचे. या 'आल्झो'ला मराठीत 'तर मग' म्हणतात, पण दादांच्या तोंडून तो शब्द आला की समोरच्याला डॉक्टरने नाडी सोडल्यासारखं वाटायचं. आता निदान कळणार.

दादा मूळचे भुसावळचे. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. अकरा वर्षं त्यांनी ब्रेक लागायला किती वेळ लागतो एवढंच मोजलं होतं आणि त्याचा परिणाम स्वभावावर झाला होता. घरच्या कपाटात चौदा फायली होत्या, रंगवार लावलेल्या. त्यातली पिवळी फाईल टीव्हीची. टीव्हीची फाईल कशाला, असं विचारणाऱ्याला दादा समजावून सांगत : जर्मनीत टीव्ही घरात ठेवायचा तर त्याची नोंद करायची आणि नेमाने शुल्क भरायचं. आता, नोंद न करता टीव्ही पाहणारे आणि दाराची बेल वाजली की त्यावर चादर टाकणारे महाभाग आपल्यातही होते. दादा त्यातले नव्हेत. त्यांचा टीव्ही मंगळवारी घरी आला आणि त्याची नोंदणी सोमवारीच झाली होती.

तर अशा या रीतसर टीव्हीसमोर दर रविवारी दुपारी मंडळी जमायची. हृषिकेश आणि सुमेधा यायचे, आणखी तीन-चार कुटुंबं यायची. भारतातून कुणीतरी आणलेली मराठी नाटकाची डीव्हीडी लागायची, कुंदावहिनींचे पोहे व्हायचे, मध्यंतरात दोन-चार जणांची पत्रं वाचली जायची. सोमवार ते शनिवार दादा कंपनीतले एक इंजिनिअर असायचे, आणि रविवारी दुपारी तीन ते सात ते 'दादा' असायचे. हे चार तास त्यांना फार लागत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याचा फॉर्म नव्हता.

मग २०११च्या वसंतात उज्ज्वल आला.

उज्ज्वल नागपूरचा. स्टुटगार्टच्याच एका संशोधन संस्थेत लागला होता, बरोबर बायको यामिनी. दोघंही मोठी गोड. त्यांना घर मिळत नव्हतं, तेव्हा दादांनी घरमालकाला स्वतः फोन करून आपल्याच इमारतीतला तिसरा मजला त्यांना मिळवून दिला. पायावर धोंडा पाडून घ्यायचाच, तर तो निदान स्वतः निवडून, पारखून, वजन करून घ्यावा, तसं दादांनी केलं.

कारण उज्ज्वलकडे टीव्ही नव्हता. लॅपटॉप होता. आणि संस्थेने मोडीत काढलेला एक प्रोजेक्टर होता. इंटरनेटवर मराठी वाहिनी लावायची, प्रोजेक्टर सुरू करायचा, की समोरची अख्खी पांढरी भिंत मराठी बोलू लागे. डीव्हीडी दोन वर्षांपूर्वीची असे. भिंतीवर आजचं दिसे. आज मुंबईत कोण काय म्हणालं, आज मालिकेत सासूने काय केलं, आजच्या मॅचमध्ये कोण शून्यावर गेला.

पहिल्या रविवारी हृषिकेश म्हणाला, "दादा, जरा वर डोकावून येतो. नवीन माणूस आहे, बरं दिसत नाही."

"जा ना, जा," दादा म्हणाले.

हृषिकेश डोकावायला गेला तो सात वाजता परत आला, आपलं जॅकेट घ्यायला. दुसऱ्या रविवारी जॅकेटही थेट वर गेलं.

पुढे काय झालं ते सांगायला नको, पण दादांनी ते मोजलं होतं, तेव्हा सांगितलं पाहिजे. आपली माणसं दाराबाहेर चपला काढतात. जर्मनीच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी चपला-बुटांचा ढीग पडू लागला. दादा 'जिन्यातला दिवा नीट लागतो का' हे पाहायला वर जात. दिवा दर रविवारी नीट लागत असे. त्याच्या उजेडात दादा मोजत : सात जोड, नऊ जोड, अकरा जोड. एका रविवारी त्यांना ढिगात एक तपकिरी सँडल दिसली, टाचेला शिवलेली. ती टाच त्यांनी स्वतः शिवून आणली होती. सँडल कुंदावहिनींची होती.

"तू वर गेली होतीस?" दादांनी घरी विचारलं.

"अहो, यामिनीने बोलावलं होतं. तुम्हालाही बोलावलंय, दर रविवारी बोलावते. पोहे ठेवलेत पातेल्यात."

"गार झालेत."

"मग वर या. तिथे गरम असतात."

मुलगी अपेक्षा बारा वर्षांची. तिला मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. ती मोबाईलवरून मान न उचलता म्हणाली, "पापा, दू बिस्ट आयफरझ्युश्टिश."

याचा अर्थ, बाबा, तुम्ही जळता आहात. दादांनी तिला मातृभाषेत बोलायला सांगितलं. ती मराठीत काय म्हणाली असती, याचा विचार त्यांनी केला नाही.

दादा रोज सकाळी वंदना घेत आणि मग दहा मिनिटं डोळे मिटून मैत्री भावना करत. सर्व प्राणी सुखी होवोत. ही भावना आधी स्वतःपासून सुरू करायची, मग घरच्यांकडे, मग शेजाऱ्यांकडे, मग जगाकडे न्यायची, अशी रीत आहे. दादांची मैत्री जिना चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित जाई. तिथलं म्हातारं जर्मन जोडपं सुखी होवो, त्यांचा कुत्रा सुखी होवो. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर मैत्री धापा टाकू लागे. मग दादा तिला तिथेच बसवून एकदम ब्राझीलकडे नेत.

त्यांना खुपत होतं ते असं, की तो पोरगा काहीच करत नव्हता. आपण नोंदणी केली, पावत्या ठेवल्या, पोह्यांना शेंगदाणे भारतातून आणले. आणि हा, एक लॅपटॉप उघडतो, भिंत पुसतो, आणि सगळी मंडळी त्याची! त्याला नोंद नाही, फाईल नाही, काही नाही. जग असं चालत असेल तर मग ब्रेक तपासायचे तरी कशाला?

आणि नेमक्या अशा वेळी एका संध्याकाळी दार वाजलं. उज्ज्वल होता, हातात पाकीट.

"जय भीम दादा. वेळ आहे का? हे आलंय. मी दोनदा वाचलं."

दादांनी त्याला सोफ्यावर बसवलं. चष्मा खाली आला. पत्र शुल्कवाल्या कचेरीचं होतं. नव्या पत्त्यावर नाव लागलं की असं पत्र येतंच : आपल्याकडे टीव्ही, रेडिओ किंवा अन्य साधन आहे काय, असल्यास कळवावे.

"माझ्याकडे टीव्ही नाही दादा," उज्ज्वल म्हणाला. "पण लॅपटॉपवर पाहतो. त्याला लागतं का काही? मला नियमाबाहेर राहायचं नाही. आईला मी सांगून ठेवलंय, इथे दादा आहेत, ते सांगतील तसंच करतो."

दादांना उत्तर पाठ होतं. इंटरनेट जोडलेला कॉम्प्युटर घरात असेल, आणि दुसरा टीव्ही-रेडिओ काही नसेल, तर त्याचीही नोंद करायची. शुल्क रेडिओएवढं, टीव्हीपेक्षा कितीतरी कमी. एक पानाचा फॉर्म, पाच मिनिटांचं काम. दादांनी तोंड उघडलं.

"आल्झो..." ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर ती शिवलेली सँडल आली.

"आल्झो, उज्ज्वल, एकट्याने पाहिलं तर गोष्ट वेगळी. पण तू किती लोकांना दाखवतोस?"

"असतात बारा-पंधरा."

"आणि भिंतीवर?"

"हो."

"मग तू प्रेक्षक कसला? तू प्रसारक झालास! भिंतीवर, पंधरा माणसांना, दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी. याला प्रसारण परवाना लागतो. वाहिन्यांना लागतो तोच. अर्ज करायचा, मंजुरी यायची, मग सुरू करायचं."

उज्ज्वलचा चेहरा उतरला. "आणि तोवर?"

"तोवर बंद," दादा म्हणाले. ब्रेक बेमालूम लागला होता. त्यांनी तपासून पाहिल्यासारखं पत्र घडी करून परत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या पत्राचा खोटा अर्थ सांगितला होता, आणि आवाज जराही हलला नव्हता, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आतून कुंदावहिनींनी विचारलं, "काय म्हणत होता हो उज्ज्वल?" तर दादा म्हणाले, "काही नाही. फॉर्म."

पुढच्या रविवारी मंडळी पहिल्या मजल्यावर परतली. हृषिकेश आला, सुमेधा आली, सगळे आले. "काय तरी बाई या देशातले नियम," म्हणत सोफ्यावर बसले. उज्ज्वल आणि यामिनीसुद्धा आले आणि बरोबर बेसनाचे लाडू घेऊन आले. "दादांमुळे वाचलो," उज्ज्वल सगळ्यांना सांगत होता. "नाहीतर बेकायदेशीर वाहिनी चालवत होतो मी, बिनपरवान्याची!" सगळे हसले. दादाही हसले. लाडू तोंडात होता म्हणून जरा घोटाळत हसले.

डीव्हीडी लागली. दादांना वाटलं होतं, आता फार बरं वाटेल. पण होत असं होतं, की नाटकात विनोद व्हायचा आणि त्यांची नजर जायची उज्ज्वलकडे. तो बिचारा मनापासून हसायचा. मग दादांना त्याचाही राग यायचा. याला साधं वाईटही वाटत नाही? आपण त्याची भिंत काढून घेतली, तरी हा लाडू आणतो. चांगलेपणातही हा आपल्यावर कडी करणार म्हणजे!

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी उज्ज्वल हातात जाड पाकीट नाचवत आला.

"दादा, आलं!"

"काय आलं?"

"परवान्याचं उत्तर. तुम्ही म्हणालात ना, अर्ज करायचा? मी केला. काल आलंय, पण फोडलं नाही. म्हटलं, दादांच्या हातून फुटू दे."

दादांच्या हातातली बशी कलंडली. या पोराने जर्मनीच्या कचेरीला, घरी बसून टीव्ही पाहण्यासाठी, वाहिनीचा परवाना मागितला होता! अख्ख्या देशात हे दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यासाठी दादांवर एवढा विश्वास असायला हवा.

"वाचा ना मोठ्याने," सुमेधा म्हणाली. "मिळाला का बघू."

सगळे सरसावून बसले. दादांनी पाकीट फोडलं. चष्मा नाकावरच होता, तरी त्यांनी तो एकदा वर करून पुन्हा खाली आणला. पत्राचा अर्थ फिरवणं त्यांच्या हातात होतं. 'नामंजूर' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोलीतलं कुणी त्यांच्या हातून पत्र घेऊन पाहणार नव्हतं. त्यांनी पहिली ओळ मनात वाचली. मग दुसरी. मग पान उलटलं, तर मागे उज्ज्वलने पाठवलेले कागद होते, कचेरीने परत केलेले. एक भिंतीचा आराखडा, लांबी-रुंदीसकट, पट्टीने काढलेला. दुसरा कागद 'नियमित प्रेक्षकांची यादी', जन्मतारखांसह. पंधरा नावं.

पहिलं नाव होतं : सुखदेव.

"हे माझं नाव कसं यात?" दादांनी विचारलं. "मी तर एकदाही वर आलो नाही."

"आज ना उद्या याल म्हणून टाकलं," उज्ज्वल म्हणाला. "नंतर वाढवायचं म्हटलं तर पुन्हा फॉर्म. आणि तुमची खुर्ची ठेवलेलीच असते."

ब्रेक तपासणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, की थांबायलाही अंतर लागतं. मग त्यांनी पत्र हातभर लांब धरलं आणि 'आल्झो' न म्हणता वाचायला सुरुवात केली. एकेका वाक्याचं मराठी करत, सरळ.

"घरी कार्यक्रम पाहण्यासाठी, इंटरनेटवर असो वा अन्य कुठे, प्रसारण परवान्याची गरज नसते. पाहुण्यांना दाखवण्यासाठीही नसते. परवाना कार्यक्रम प्रसारित करणाऱ्यास लागतो. आपल्या संगणकाची नोंद करून केवळ रेडिओएवढे शुल्क भरावे, फॉर्म सोबत आहे. भिंतीचा आराखडा व प्रेक्षकांची यादी साभार परत." इथे दादा थांबले. एक वाक्य उरलं होतं. "आपणांस परवान्याची माहिती कोणी दिली, हे आम्हांस समजू शकले नाही."



"मी दिली," दादा म्हणाले. "आणि मला ठाऊक होतं, की ती खोटी आहे. तुम्ही सगळे वर जात होता, मला ते बघवत नव्हतं."

अपेक्षा मोबाईलमधून मान वर काढून बापाकडे बघत होती.

सगळ्यात आधी यामिनी बोलली, आणि तिचा आवाज काही हसरा नव्हता. "दादा, आम्ही तीन आठवडे पडदे लावून बातम्या बघितल्या. आवाज बंद करून. आणि एका वेळी एकानेच. दोघं बसलो तर प्रसारण होईल म्हणून हा बाहेर जिन्यात उभा राहायचा."

हृषिकेशला हसू आवरेना. सुमेधाने त्याला कोपर मारलं, पण तोवर उशीर झाला होता. एकाचं हसू दुसऱ्याला लागलं आणि मग कुंदावहिनीही पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. फक्त दादा हसले नाहीत आणि उज्ज्वल हसला नाही.

"मला विचारायचं होतंत दादा," उज्ज्वल म्हणाला. "मी दर रविवारी प्रोजेक्टरच खाली आणला असता."

दादा उठले, उज्ज्वलला आलेला फॉर्म त्यांनी टेबलावर घेतला आणि विचारलं, "पेन आहे?"

"वर आहे," यामिनी म्हणाली. मग जरा थांबून, "चला वर. मालिका लागली असेल. खुर्ची रिकामी आहे तुमची." राग पुरता गेला नव्हता, पण बोलावणं खरं होतं.

दादांनी फॉर्म उज्ज्वलच्या टेबलावर बसून भरला. पाच मिनिटांत, रकाना न रकाना. आणि मग ते खुर्चीत बसले. भिंत खरोखरच मोठी होती. दादांना वाटलं होतं, आपला टीव्ही लहान म्हणून लोक वर येतात. पण मालिकेतल्या थोरल्या जावेने धाकटीकडे वळून बोट रोखलं, तोंड उघडलं, आणि चित्र जागच्या जागी थिजलं. नेट अडकलं होतं. भिंतीवर ती बाई 'आ' करून उभी.

"लाडू संपले!" हृषिकेश तिच्या आवाजात ओरडला.

"वीज बिल भरलंत का?" सुमेधा.

"माझी सँडल कुणी घातली?" कुंदावहिनी. खोली हसून हसून लोळत होती. मग चित्र सुरू व्हायचं, बाई काहीतरी भलतंच बोलायची, पुन्हा हशा. पाच मिनिटांनी पुन्हा अडकायचं, की कुणी गावाकडची बातमी सांगे, कुणी नोकरीचं रडगाणं गाई, कुणी कुणाला भाजीची कृती विचारी. मालिकेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"याच्यासाठी येता तुम्ही वर?" दादांनी कुंदावहिनींना हळूच विचारलं.

"मग कशासाठी? अहो, आपल्याकडे डीव्हीडी एकदाही अडकत नाही. आणि कुणी बोललं तर तुम्ही 'श्श' करता. परवा सुमेधा खोकली, तर तुम्ही रिमोट तिच्याकडे रोखलात."

दादांनी आठवून पाहिलं. रोखला होता.

पुन्हा चित्र थिजलं. या वेळी उज्ज्वल काहीतरी बोलला, आणि सगळ्यांना इतकं हसू आलं की अपेक्षा चक्क मराठीत म्हणाली, "परत सांग ना काका, परत!" दादांचं पुन्हा ते जुनं जळणं सुरू झालं, मंडळींच्या मधोमध, गरम पोह्यांची बशी हातात असताना. आपली मुलगी, आणि मराठी बोलली ती याच्यासाठी! त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. त्यांना एक सुचलं होतं, फार छान सुचलं होतं, उज्ज्वलच्याहून नक्कीच सरस. आता फक्त नेट अडकायला हवं होतं. सर्व प्राणी सुखी होवोत, पण आधी ते नेट अडको, असं म्हणत दादा भिंतीवरच्या बाईकडे टक लावून बसले.

ती बाई मात्र पुढची वीस मिनिटं मेली कुठे अडखळली म्हणून नाही.